फाटकाबाहेरचा पहारा

माझे वडील होमगार्ड होते. होमगार्ड म्हणजे पोलीस नव्हे, हे आमच्या तालुक्यात सगळ्यांना माहीत होतं, फक्त आमच्या घरात तसं कोणी मोठ्यानं म्हणायचं नाही. निवडणूक आली, गणपती आले, एखाद्या मंत्र्याचा दौरा लागला की बोलावणं यायचं. मग अण्णा पेटीतून खाकी कपडे बाहेर काढायचे, पितळी बक्कल राखेनं घासायचे आणि जायचे. बाकीचे दिवस वीटभट्टीवर. आई बोर्डिंगात दोन्ही वेळच्या चपात्या लाटायची, आणि तिथं उरलेल्या तिला घरी आणू द्यायचे. आम्ही तिघं भावंडं त्या चपात्यांवर वाढलो. वाळलेली चपाती चहात किती वेळ बुडवली की मोडत नाही, हे मला अजून येतं.

मी नववीत असताना तालुक्याला सैन्यभरती लागली. भरतीचं ऑफिस एका शाळेत होतं आणि अण्णांना फाटकावर उभं केलं होतं. हातात जुनी रायफल, गोळी एकही नाही. पोरं आदल्या दिवसापासून जमलेली. फाटक उघडायच्या आधीच मागून रेटा आला, फाटकाचं एक दार निखळलं आणि अण्णा त्याच्याखाली सापडले. उजवी नडगी मोडली. पडतानाही त्यांनी रायफल छातीशी धरली होती, ती सोडवायला दोन माणसं लागली.

त्यानंतर अण्णांना विटा उचलता आल्या नाहीत. आईनं आणखी एका खानावळीचं काम धरलं. भरपाई मिळते का, हे आम्ही कोणाला विचारलंच नाही. आपण स्वयंसेवक, आपल्याला कसला हक्क, असं अण्णा म्हणाले आणि विषय संपला. पुढं कॉलेजच्या लायब्ररीत मला होमगार्डच्या कायद्याचं पातळ पुस्तक सापडलं. ड्यूटीवरच्या माणसाला संरक्षण होतं, जखमी झाल्यावर अर्ज करायची सोय होती. मी ते उभ्या उभ्या वाचलं. तोवर चार वर्षं उलटली होती आणि मला खाली बसवेना.

आमच्या भावकीत पदवी घेतलेला पहिला माणूस मी. राज्यशास्त्र घेऊन बीए, दुसरा वर्ग. हे मी सांगतो, कारण ते सांगण्यासारखं आहे. सैन्यात जायचा प्रयत्न मीही केला, उंचीत बाद झालो. मग सिक्युरिटी गार्ड म्हणून दुबईच्या विमानात बसलो.

आमची कंपनी गार्ड पुरवणारी. राहायला शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात कॅम्प, एका खोलीत सहा खाटा, खाली गॅरेज आणि पत्रे कापण्याचा आवाज. आल्या आल्या आम्हाला ट्रेनिंगला घातलं. शिकवणारा इंग्रजीतून बोलायचा आणि मध्येच हिंदीत यायचा. त्याच्या शिकवण्याचं सार तीन शब्दांत होतं: बघा, थांबवा, कळवा. हत्यार नाही. अंगाला हात नाही. तुमचा अधिकार फाटकाच्या आत, युनिफॉर्ममध्ये, ड्यूटीच्या वेळात. शेवटी परीक्षा झाली, आणि वर्गातल्या अर्ध्या लोकांनी माझ्या पेपरात बघून खुणा केल्या. प्रत्येकानं नियमांचा इंग्रजी कागद सही करून दिला आणि त्याची एक प्रत आपल्याकडं ठेवली. वाचून सही केलेला त्या बॅचमध्ये बहुतेक मी एकटाच.

तिथंच मला मेजर भेटले. आमच्याकडं सैन्यातून आलेल्या प्रत्येक माणसाला मेजर म्हणतात. हे साध्या नाईकाच्या पदावरून निवृत्त झालेले, सातारा भागातले, पन्नाशी पार केलेले. मुलीचं शेवटचं वर्ष नर्सिंगचं चाललं होतं म्हणून आलेले. ते मला बीए म्हणायचे. "काय बीए, आज इंग्रजी पेपरात काय म्हणतोय?" यात चेष्टा अर्धी, कौतुक अर्धं. खोलीत तिसरा मराठी माणूस रत्नागिरीचा, त्याला आम्ही रत्नागिरीकरच म्हणायचो. स्वयंपाक तो करायचा, कारण आम्ही केलेलं त्याला खाववत नसे.

आम्हा तिघांना एकाच ठिकाणी पोस्टिंग मिळालं, राष्ट्रीय सेवेच्या नोंदणी कार्यालयावर. इथल्या मुलांना बारावी झाली की लष्करी सेवेसाठी नाव नोंदवावं लागतं. सकाळपासून गाड्या यायच्या. मुलगा, त्याचे वडील, कधी आजोबाही. आत बंदोबस्ताला त्यांचे स्वतःचे हत्यारी जवान. आम्ही बाहेरच्या फाटकावर. गाडी कुठं लावायची ते दाखवायचं, टोकन द्यायचं, रांग सरळ ठेवायची. एवढंच.

पण मेजरांना ते एवढंच वाटत नव्हतं. भरतीच्या दारात उभं राहायचं म्हणजे त्यांच्या अंगात आपोआप ताठपणा यायचा. एखादा पोरगा खांदे पाडून आला की ते त्याला हिंदीतून म्हणायचे, "बेटा, सीना बाहर." पोरगा हसायचा, बाप खूश व्हायचा. मला मात्र त्या फाटकावर कधी स्वस्थ उभं राहता आलं नाही. पाय एका जागी ठरायचे नाहीत. चार गाड्या एकदम आल्या की माझं लक्ष टोकनांऐवजी फाटकाच्या बिजागऱ्यांकडं जायचं.

त्या वर्षी आखातात तणाव होता. फोनवर दिवसभर बातम्या, त्यातल्या निम्म्या खोट्या, आणि खऱ्या कुठल्या हे कळायला मार्ग नाही. गावाकडून फोन यायचे, परत या म्हणून. विमान जरा खालून गेलं की खोलीतले सहाही जण बोलायचे थांबायचे. ड्यूटी चालूच होती, नोंदणीही चालू होती. उलट गर्दी वाढली होती. पण मन कशात लागेना. मी एकाच बातमीचं पान दहादा उघडायचो. रत्नागिरीकर भात करपवायला लागला, यावरून काय ते समजा.

एका संध्याकाळी मेजर खाटेवर मांडी घालून म्हणाले, की आपण हात बांधून बसलोय हे बरं नव्हं. त्यांच्या गावात चोरांचा सुळसुळाट झाला होता तेव्हा त्यांनी ग्रामरक्षक दल उभं केलं होतं. नावांची यादी, वेळा, शिट्ट्या, काठ्या. तीन महिने पहारा दिला, चोर फिरकले नाहीत. तसंच इथं करायचं. दुपारी दोनला आपली ड्यूटी सुटते. कार्यालय पुढंही उघडं असतं, आणि त्या वेळेला फाटकावर दोनच गार्ड. तर आपण जोडीजोडीनं रस्त्याच्या पलीकडं, कडुनिंबाखाली उभं राहायचं. कोणी काही गडबड केलीच तर चार हात जास्त.

खोलीतल्यांना पटलं. भीती वाटत असताना करायला काही मिळालं की बरं वाटतं. शेजारच्या खोलीतले दोघंही तयार झाले. खालच्या गॅरेजवाल्याकडून फावड्याचे सहा दांडे आणले, मेजरांनी ते काचेनं तासून गुळगुळीत केले. आणि मग मला म्हणाले, "बीए, तुझं अक्षर चांगलंय. यादी तू लिही."

मला नियम माहीत होता. फाटकाच्या बाहेर आपण कोणी नाही, आणि दांडा हातात घेऊन उभा राहिलेला माणूस पोलिसांना कसा दिसेल, हेही कळत होतं. मी म्हणालो, "मेजर, ह्याला परवानगी लागत असेल."

"चांगल्या कामाला कसली आलीय परवानगी? आपण काय पगार मागतोय का?"

सगळे माझ्याकडं बघत होते. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, आणि मला शिकलेला म्हणून सांगत होता. मी लिहायला बसलो. वर शीर्षक, खाली चार रकाने: नाव, वेळ, जागा, हत्यार. हत्याराच्या रकान्यात आठ वेळा 'दांडा'. पट्टीनं रेघा मारल्या. एक प्रत मेजरांना दिली, एक भिंतीवर चिकटवली. खरं सांगायचं तर यादी सुंदर झाली होती आणि ते बघून मला बरंही वाटलं होतं.

पाच दिवस पहारा झाला. माझी पाळी दुसऱ्या दिवशी होती. दोन तास मी कडुनिंबाखाली दांडा पाठीमागं धरून उभा राहिलो आणि येणारी प्रत्येक गाडी बघून वाटत होतं की ही आता थांबेल. कोणी थांबलं नाही. सहाव्या दिवशी मेजर आणि रत्नागिरीकर उभे असताना नातवाला घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या अरबानं गाडीची काच खाली केली, त्यांना बघितलं, आणि आत जाऊन सांगितलं. पोलिसांची गाडी आली. आवाज नाही, आरडाओरडा नाही. कार्ड मागितलं, दांडे काढून घेतले, खिसे तपासले. मेजरांच्या खिशात यादी. दोघांना बसवून घेऊन गेले.

हे सगळं मला फोनवर सुपरवायझरनं सांगितलं. मी तेव्हा खोलीत युनिफॉर्मला इस्त्री करत होतो. तो म्हणाला, मेजर परदेशी फौजेतला जुना माणूस, हातात दांडा, समोर लष्करी कार्यालय, खिशात न समजणाऱ्या लिपीतली नावं. या दिवसांत. याचा अर्थ तूच लाव. व्हिसा तर जाणारच, त्याच्या पुढं काय ते देव जाणे. कंपनी म्हणणार की आम्हाला काही माहीत नाही. तुम्ही बाकीचेही तेच म्हणा. आणि ठाण्याकडं फिरकू नका.

मी इस्त्री बंद केली. परत चालू केली. खोलीत आठ पावलं जागा होती, ती किती वेळा चाललो कोण जाणे. शेजारच्या खोलीतला एक जण आला, त्यानं भिंतीवरची यादी ओढून काढली आणि फाडायला लागला. मी ती त्याच्या हातातून घेतली. तो म्हणाला, "वेडा आहेस का? आठ नावं आहेत त्यात. पोलिसांपाशी एक आहे, पण ती मेजरनंच लिहिली म्हणता येतं."

"अक्षर माझं आहे."

"मग तर आधी फाड."

त्याचं चुकीचं नव्हतं. त्याच्या घरी दोन लहान मुली होत्या. माझ्याही घरी आई-अण्णा होते, आणि महिन्याला तिकडं जाणाऱ्या पैशांवर त्यांचं चाललं होतं. मी खाली गेलो, गॅरेजपुढं उभा राहिलो, परत वर आलो. अण्णांची गोष्ट मनातून जाईना, म्हणजे पाय मोडल्याची नव्हे, पुढची. त्यांच्यासाठी बोलायला कोणी गेलंच नाही, कारण काय बोलायचं ते कोणाला माहीत नव्हतं. इथं मला माहीत होतं. मी कार्ड, पासपोर्टची झेरॉक्स आणि यादी घेतली आणि टॅक्सी केली.

ठाण्यात एसी इतका होता की मी शर्टाचं वरचं बटण लावलं. तरुण अधिकारी होता, माझ्याच वयाचा. शेजारी हिंदी जाणणारा एक दुभाषी. दुभाषी भला माणूस होता. अधिकारी आत गेला तेव्हा तो मला हळूच म्हणाला, की भाई, इकडं भटकी कुत्री आहेत, काठ्या कुत्र्यांसाठी होत्या असं सांग, लवकर सुटशील. फोनवर सुपरवायझरचे सात मिस्ड कॉल येऊन पडले होते.

अधिकारी परत आला. मेजरांच्या खिशातली आणि मी दिलेली, दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. अक्षर एकच, हे बघायला लिपी यावी लागत नाही. त्यानं चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि इथं काय लिहिलंय विचारलं.

मी दुभाष्याकडं बघितलं नाही. म्हणालो, "हथियार लिखा है, सर. क्योंकि हथियार समझके ही लिया था."

दुभाष्यानं ते अरबीत सांगितलं. मग प्रश्नांवर प्रश्न. कोणी सांगितलं? कोणीच नाही. पैसे कोण देतं? कोणी नाही. मग कशासाठी? मी ग्रामरक्षक दल म्हणजे काय ते समजावलं. आमच्याकडं गावात चोर यायला लागले की माणसं काठ्या घेऊन पाळीपाळीनं फिरतात. त्यानं विचारलं, तिथं पोलिसांना माहीत असतं का? मी म्हणालो, हो, नावं ठाण्यात देतात. मग इथं का नाही दिली?  मी म्हणालो, चुकलं.

मग त्यानं माझं गार्डचं कार्ड उचललं आणि विचारलं, की या कार्डानं तुला काय काय करता येतं. मी परीक्षेत लिहिलं होतं तसं सांगितलं. ड्यूटीवर, युनिफॉर्ममध्ये, फाटकाच्या आत. बघायचं, थांबवायचं, कळवायचं. फाटकाच्या बाहेर मी रस्त्यावरचा कुठलाही माणूस. रस्त्यावरच्या माणसानं काही दिसलं तर तुम्हाला फोन करायचा, दुसरं काही नाही. पगार न घेता उभं राहिलं म्हणून अधिकार येत नाही.

"हे तुला माहीत होतं," तो इंग्रजीतून म्हणाला. "मग लिहिलंस का?"

मीही इंग्रजीतूनच उत्तर दिलं. तो माणूस मला वडिलांसारखा आहे, त्याला नाही म्हणायला जमलं नाही. त्यानं नियमांच्या कागदावर सही केली आहे, पण तो कागद त्याला वाचता येत नाही. मला येतो. म्हणून दोष लावायचा तर त्याच्याआधी माझ्यावर लावा.

त्यानं मला बाकावर बसायला सांगितलं. मी बसलो, उठलो, पाण्याच्या मशीनपर्यंत गेलो, परत बसलो. समोर काचेपलीकडं मेजर दिसत होते. पाठ भिंतीला न टेकता बसले होते. त्यांनी मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. शेवटी मला जायला सांगितलं, उद्या सकाळी बोलावलंय म्हणून.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूसही आला, कारण आता अंगावर घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. सकाळभर कागद इकडून तिकडं गेले. त्यांनी कंपनीकडून मेजरांचे सैन्याचे कागद मागवून घेतले होते, गॅरेजवाल्याला बोलावून दांड्यांचं विचारलं होतं, त्या म्हाताऱ्या अरबालाही परत विचारलं होतं. तो म्हणाला म्हणे, की हाच माणूस माझ्या मोठ्या नातवाला सरळ उभं राहायला सांगत होता. यादीतल्या बाकीच्यांची हमी कंपनीनं दिली. दुपारी आम्हा तिघांकडून लिहून घेतलं: पुन्हा असं करणार नाही, हत्यार बाळगणार नाही, परवानगीशिवाय कुठलंही स्वयंसेवेचं काम करणार नाही. पुन्हा सापडलात तर खलास, असं तो अधिकारी म्हणाला. मग सही करून झाल्यावर मेजरांकडं वळून त्यानं काहीतरी विचारलं. दुभाषी म्हणाला, किती वर्षं सैन्यात होता विचारतायत. मेजरांनी उभं राहून सांगितलं, सतरा. अधिकाऱ्यानं मान हलवली.

बसमध्ये मेजर माझ्या शेजारी बसले नाहीत. रत्नागिरीकर एकटाच मधल्या सीटवर, दोन्हीकडं बघत.  खोलीत आल्यावर मेजर बूट काढत म्हणाले, "कागद दाखवायची काय गरज होती तुला? मी एकट्यानं भोगलं असतं."

"मेजर, काय करत होता असं विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं?"

"सांगितलं असतं, पहारा देतो म्हणून."

"आणि कुठल्या अधिकारानं विचारल्यावर?"

 मेजरांनी दुसरा बूट ओढून काढला आणि खाटेखाली सारला. रत्नागिरीकर स्टोव्हपाशी उभा राहून म्हणाला, "मेजर, ह्यो नसता तर आता आपण विमानात असतो रे बाबा, आणि तिथं जेवण पण बेकार." कोणी हसलं नाही, पण खोली जरा सैल झाली.

दोन दिवस मेजर माझ्याशी बोलले नाहीत. सुट्टीच्या दिवशी सकाळी ते माझ्या खाटेपाशी आले. हातात ट्रेनिंगचा तो इंग्रजी कागद, घडी पडून पिवळा झालेला. म्हणाले, "वाच. मराठीत. एक ओळ सोडू नकोस."

मी वाचायला लागलो. ते मध्ये मध्ये थांबवायचे. ड्यूटीवर मला कोणी मारलं तर? कंपनीचा विमा आहे, चोवीस तासांत कळवायचं. ड्यूटी संपल्यावर फाटकाबाहेर मारलं तर? त्या विम्यात काही नाही. अंगावर धावून आला तर मी काय हात बांधून उभा राहू? जीव वाचवायचा हक्क आहे, पण आपण होऊन दांडा घेऊन उभं राहायचा नाही. साहेबानं सांगितलं म्हणून कोणाची झडती घेतली तर? तरीही जबाबदार तुम्ही. एकेक ओळीवर वाद झाला. रत्नागिरीकरानं भाजी चिरायची थांबवली, शेजारच्या खोलीतले दोघं दारात येऊन उभे राहिले, त्यात यादी फाडायला निघालेलाही होता. तो म्हणाला, की आठवड्याची सुट्टी पण ह्यात आहे काय, मला दोन महिने मिळाली नाही. होती. कुठं अर्ज करायचा तेही होतं.

दुपार होऊन गेली तरी आम्ही निम्म्यावर. मेजर म्हणाले, तोंडी नको, लिहून दे. मी तीन रविवार बसून सगळं मराठीत लिहिलं, मग हिंदीत. या वेळी लिहिण्याआधी सुपरवायझरला विचारलं आणि त्याची सही घेतली. तो आधी वैतागला, मग त्यानंच इतर कॅम्पसाठी झेरॉक्स काढल्या. मेजरांनी तर आपली प्रत पाठ केली. ड्यूटीवर नवा गार्ड आला की ते त्याला आधी फाटकाची रेघ पायानं दाखवायचे, इथपर्यंत तू आणि इथून पुढं पोलीस.

मेजरांचा व्हिसा राहिला, आणि ते पुढची दीड वर्षं त्याच फाटकावर होते, मुलगी नोकरीला लागेपर्यंत. शेजारच्या खोलीतल्याला राहिलेल्या सुट्ट्या मिळाल्या. मी प्रशिक्षकाची परीक्षा दिली, पहिल्या वेळी नापास झालो, दुसऱ्या वेळी पास झालो. आता कंपनीतल्या प्रत्येक नव्या गार्डला त्याचे हक्क आणि त्यांची हद्द त्याच्या भाषेत समजावून दिल्याशिवाय त्याची सही घेत नाहीत. तो तास मी घेतो.